बिनसावलीच्या वाटेचं वाचन

मराठीतलं कुठलंही ट्रेकवर्णन काढा. पायथ्याच्या गावातला चहा असतो, मग खिंड, कातळटप्पा, पडका दरवाजा, टाक्यातलं गार पाणी, माथा आणि सूर्यास्त. या सगळ्याच्या अधेमधे एक वाक्य हमखास सापडतं, साधारण अशा अर्थाचं की इथून पुढे तासभर उघड्या माळावरची कंटाळवाणी चाल आहे, पाणी भरून घ्या. एवढंच. तासभराचा माळ एका वाक्यात उरकतो आणि लेखक पुन्हा कातळाला भिडतो. वारीबद्दलचं लेखन काढलं तर माळ आणखी आक्रसतो. तिथे मुक्काम असतात, दिंड्या असतात, अभंग असतात, पंगती घालणारी गावं असतात. दोन मुक्कामांच्या मधली जमीन म्हणजे गर्दीच्या पायाखालचं काहीतरी.

मला त्या एका वाक्याबद्दल बोलायचंय, कारण महाराष्ट्राचा बराच मोठा भाग त्या एका वाक्यात राहतो.

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि एक मित्र सिन्नरपासून आग्नेयेला तीन दिवस चाललो. वाट संत निवृत्तिनाथांच्या पालखीची. पालखी त्र्यंबकेश्वरहून निघायला अजून अवकाश होता. आळंदी आणि देहूच्या पालख्यांपुढे ही पालखी बातम्यांत कमी दिसते, पण अंतराने ती त्यांच्यापेक्षा बरीच लांब आहे. त्र्यंबकहून नाशिक, पळसे, सिन्नर, दातली, खंबाळे, मग राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळा तालुका आणि पंढरपूर, असं चारशे किलोमीटरहून जास्त. या सगळ्या वाटेत सिन्नरनंतरचा टप्पा सगळ्यात उघडा. त्र्यंबकला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, सिन्नरच्या पूर्वेला, तो पाचशेच्या आसपास येतो. झाडं त्याच प्रमाणात कमी होतात. बाभळ, हिवर, बांधावरचा एखादा लिंब. सकाळी साडेदहानंतर सावली हा विषयच राहत नाही.

जनावरंही बदलतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला डांगी गाय-बैल दिसतात. पांढऱ्यावर काळे डाग, काळे टणक खूर, आणि कातडीला असा तेलकटपणा की पावसाचं पाणी अंगावरून निथळून जातं. चार महिने चिखलात उभं राहायचं तर असंच अंग लागतं. सिन्नरच्या पुढे मात्र मेंढरांचा मुलूख लागतो. पालखी पश्चिमेकडून पूर्वेकडे येते तेव्हा ती गाईंच्या देशातून मेंढ्यांच्या देशात येते. हे मला कुठल्याही वारीवरच्या लेखात वाचल्याचं आठवत नाही.

फोनमध्ये चार-पाच पुस्तकं घेऊन गेलो होतो. दुपारी जिथे मिळेल तिथे बसून वाचायची आणि संध्याकाळी पुन्हा चालायचं. या वाटेवर कोणतं पुस्तक टिकतं आणि कोणतं उन्हात विरघळतं, हे बघायचं होतं.

सुरुवात गोनीदांपासून करायला हवी, कारण आपल्याकडे चालण्याची गोडी लावली त्यांनी. गो. नी. दांडेकरांचं किल्ल्यांवरचं लेखन वाचून घराबाहेर पडलेल्या दोन-तीन पिढ्या तरी असतील. पण गोनीदा नुसते किल्ल्यांचे लेखक नाहीत, हे आपण सोयीने विसरतो. 'माचीवरला बुधा'मध्ये राजमाची आहेच, पण पुस्तक आहे बुधाचं. मुंबई सोडून माचीवर राहायला आलेल्या त्या म्हाताऱ्याचं, त्याच्याभोवतीच्या झाडाझुडपांचं आणि मुक्या जिवांचं. नंतरच्या ट्रेकवर्णनांनी गोनीदांकडून किल्ला उचलला आणि बुधाला तिथेच ठेवलं. त्याच्या जागी आले 'गावातले एक मामा'. हे मामा तुम्हाला ठाऊक आहेत. ते गुरं चारत असतात, वाट दाखवतात, ताक देतात, पैसे घ्यायला नको म्हणतात, लेखकाचे डोळे पाणावतात आणि पुढच्या परिच्छेदात मामा नाहीसे होतात. त्यांची गुरं कोणती, किती, ती रोज कुठून कुठे जातात, ज्या जमिनीवर ती चरतात ती कोणाची, यातलं काही कळत नाही. ज्या पायवाटेवरून लेखक चालला ती मुळात त्या गुरांच्या खुरांनी पडलेली असते, हेसुद्धा नाही.

दुसरी खूण विशेषणांची. ओसाड, वैराण, उजाड, भकास. माळ आला की मराठी लेखकाच्या बोटांतून हे चार शब्द आपोआप पडतात, ऑटोकम्प्लीट असावं तसे. गंमत अशी की महसूल खातं याच जमिनीला 'पडीक' म्हणतं, आणि केंद्र सरकार भारताचा जो 'वेस्टलँड ॲटलास' काढतं त्यात झुडपी माळजमिनीही मोजलेल्या असतात. म्हणजे माळाबद्दल आपले कवी, ट्रेकर आणि तलाठी यांचं एकमत आहे. तीन इतक्या वेगळ्या जमातींचं एकमत होतं तेव्हा मला शंका येते.

वारीच्या लेखनाकडे येतो. इथे दोन मजकूर कायम लागतात. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख (पुस्तक १९४९ चं) आणि दि. बा. मोकाशींचं 'पालखी' (१९६४). इरावतीबाई चालता चालता समाज मोजतात. एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, हे त्यांना बोचतं आणि ते त्या तिथेच लिहून टाकतात. पंढरीला जाणाऱ्या माणसांचा देश तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या इतकी गाजली की आता ती भाषणांत वापरून गुळगुळीत झालीय. मोकाशी वेगळे. ते वारकरी म्हणून जात नाहीत आणि अभ्यासक म्हणूनही नाहीत. ते बघणारा म्हणून जातात, आणि बघणाऱ्याला जी थोडी शरम वाटत असते ती लपवत नाहीत. माझ्या मते चालण्यावरचं मराठीतलं हे सगळ्यात प्रामाणिक पुस्तक आहे.

तरीही सिन्नरच्या माळावर दोन्ही पुस्तकं थोडी दूरची वाटली. त्यांच्या पानांत माणसं दाटीवाटीने आहेत. गर्दी हीच त्यांची सावली आहे. पुढे माणूस, मागे माणूस, टाळांचा आवाज, त्यामुळे उन्हाकडे आणि जमिनीकडे बघायची वेळ येत नाही. पालखी सोडून त्याच वाटेवर चाललं की अभंग निघून जातात आणि वाट तेवढी उरते. दातलीला निवृत्तिनाथांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. हजारो माणसं आणि मधे धावणारा अश्व. आम्ही तिथून गेलो तेव्हा चार शेळ्या आणि एक मोटारसायकल होती. मग प्रश्न पडतो की ही वाट इथूनच का जाते? आणि ती जूनमध्येच का चालतात?

हा प्रश्न नेटाने विचारणारा माणूस साहित्यातला नव्हता, गणितातला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या पुस्तकात पश्चिम दख्खनच्या प्रागितिहासावर एक प्रकरण आहे. कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत, गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारं गोळा करत आणि ती कुठे सापडतात ते नोंदवत. आळंदी-पंढरपूर वाटेवरच्या मुक्कामांजवळ अशी हत्यारं सापडतात, यावरून त्यांनी म्हटलं की ही वाट वारकरी संप्रदायाहून पुष्कळ जुनी आहे, कळप घेऊन फिरणाऱ्या माणसांची आहे. दुसरा मुद्दा वेळेचा. आषाढी वारी पेरणीच्या तोंडावर निघते. शेतकऱ्याने घर सोडायची ही सगळ्यात वाईट वेळ. शेतकऱ्यांनी स्वतःसाठी यात्रा बसवली असती तर ती या महिन्यात बसवली नसती.

यातल्या पहिल्या मुद्द्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही. पाण्याजवळची, थोडी उंचावरची, बसायला बरी जागा प्रत्येक काळातल्या माणसाला आवडते. अश्मयुगातल्या माणसाला आणि दिंडीच्या चोपदारालाही. दोघांनी एकच जागा निवडली म्हणून दोघांमध्ये परंपरा होती असं ठरत नाही. शिवाय आज दिसतो तो पालखी सोहळा, मुक्काम आणि क्रमासकट, बराच अलीकडचा आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली आणि माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावली. मुक्कामांच्या यादीतून अश्मयुग काढणं म्हणजे गिट हिस्टरी न बघता कोडचं वय सांगण्यासारखं आहे.

वेळेचा मुद्दा मात्र पक्का आहे, आणि तो आळंदीपेक्षा त्र्यंबकच्या वाटेवर जास्त पटतो. हे कोसंबींनी लिहिलेलं नाही, माझी जोड आहे. पाऊस लागला की मेंढीला ओली जमीन सोसत नाही, तिचे खूर कुजतात. म्हणून मेंढपाळ पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या ओल्या बाजूने पूर्वेच्या कोरड्या माळांवर येतात आणि दिवाळीनंतर पुन्हा पश्चिमेला, घाटाकडे किंवा कोकणात उतरतात. आता नकाशावर निवृत्तिनाथांची पालखी बघा. ज्येष्ठात, पाऊस यायच्या बेतात असताना, ती जिल्ह्यातल्या अतिपावसाच्या कोपऱ्यातून निघते आणि पूर्व-आग्नेयेला पर्जन्यछायेत शिरते. तिची दिशा आणि तिचं कॅलेंडर, दोन्ही कळपाची आहेत. यावरून ती वाट धनगरांनीच पाडली असं सिद्ध होत नाही. पण जिथून वारी सुरू होते तिथली गोष्ट आठवली की शंका बळावते.

गोष्ट नाशिकच्या प्रत्येक मुलाला माहीत असते. दुष्काळात गौतम ऋषींकडे पाणी होतं, म्हणून त्यांचं भाताचं शेत हिरवं होतं. इतर ऋषींनी मत्सरापोटी एक गाय त्या शेतात घातली. गौतमांनी तिला दर्भाच्या काडीने हाकललं आणि ती मेली. गोहत्येचं पातक फेडायला गौतमांनी तप केलं आणि ब्रह्मगिरीवर गंगा उतरली, तीच गोदावरी. लहानपणी ही गोष्ट पाप-पुण्याची वाटायची. माळावर तीन दिवस जनावरांमागे चालल्यावर ती वेगळी वाचता येते. दुष्काळ आहे. एकाकडे बांध घातलेलं, पाणी असलेलं शेत आहे. बाहेर उपाशी जनावर आहे. ते पिकात शिरतं, मालक त्याला मारतो. आजही सिन्नरच्या कुठल्याही गावात जूनमध्ये भांडण होतं ते यावरूनच. आपल्या नदीचा जन्म एका चराईच्या तंट्यातून झालाय, आणि पुराणकाराने, हे महत्त्वाचं, निकाल शेतमालकाच्या बाजूने दिलेला नाही.

सिन्नर गावातही हाच धागा आहे. गोंदेश्वराचं देऊळ बघायला लोक येतात. यादवकाळातलं, पंचायतन, काळ्या दगडातलं देखणं काम. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये स्थानिक आख्यायिका नोंदवलीय की सिन्नर एका गवळी राजाने वसवलं आणि त्याच्या मुलाने, राव गोविंदाने, हे देऊळ बांधलं. महाराष्ट्रात जुन्या बांधकामांचं श्रेय गवळी राजांना द्यायची पद्धत सगळीकडे आहे. इतिहासकार अशा कथा सोडून देतात, कारण शिलालेख यादवांचं नाव सांगतात. पण यादव स्वतःला यदुवंशी, म्हणजे गोपालकृष्णाच्या कुळातले म्हणवत. लोकांनी 'गवळी राजा' म्हटलं तर त्यांनी फार चुकीचं काय म्हटलं?

इथे रा. चिं. ढेरे येतात. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) हे पुस्तक उन्हात वाचायचं नाही. संदर्भांवर संदर्भ, स्थळमाहात्म्यांची चिरफाड, तळटीपांचं रान. फोनच्या पडद्यावर तर नाहीच. पण त्याचं मध्यवर्ती म्हणणं असं आहे की ते एकदा कळलं की वारी आधीसारखी दिसत नाही. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा, कळप राखणाऱ्यांचा देव. वैष्णव रूप, पुराणकथा आणि संतांची भक्ती हे त्याच्यावर पुढे चढत गेलेले थर. ढेरे विठ्ठल आणि बीरप्पाची जोडी दाखवतात, कर्नाटकातल्या कुरुबांपर्यंत जातात. पंढरपूरच्या माहात्म्यात रुसलेल्या रुक्मिणीला शोधत आलेला कृष्ण आपल्या गाई आणि सवंगडी गोपाळपुरात थांबवतो. आषाढी पौर्णिमेला वारीची सांगता त्याच गोपाळपुरात होते, काल्याने. काला म्हणजे गुराख्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाल्लेलं जेवण. चारशे किलोमीटर चालून शेवटी जे मिळतं ते गुराख्याचं दुपारचं जेवण असतं!

ढेऱ्यांचा दोष सांगायचा तर तो समन्वय या शब्दातच आहे. त्यांच्या पुस्तकात सगळे थर शेवटी एकमेकांत छान मिसळतात. गवळ्यांचा देव वैष्णव झाला, मग तो सगळ्यांचा झाला. पण देव सगळ्यांचा झाला तेव्हा ज्यांचा तो होता त्यांचं काय झालं, हा प्रश्न समन्वयात विरून जातो. धनगरांच्या देवांवर आणि ओव्यांवर आयुष्य घातलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोनथायमर या बाबतीत जास्त कोरडे आणि म्हणून मला जास्त जवळचे वाटतात. त्यांचं बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं पुस्तक जर्मनमध्ये १९७६ ला आलं, इंग्रजीत १९८९ ला. त्यांच्याकडे माळ आणि नांगरलेली जमीन या दोन वेगळ्या दुनिया आहेत. त्यांचं एकमेकांशी येणं-जाणं आहे, देवाणघेवाण आहे आणि भांडणही आहे.

हे सगळे अभ्यासक. साहित्यात माळ कोणी लिहिला? याचं उत्तर एकच येतं आणि ते सगळ्यांना माहीत आहे, पण आपण ते चालण्याच्या खात्यात मोजत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५.

'बनगरवाडी'ची सुरुवातच चालण्याने होते. नवा पोरसवदा मास्तर घरून नेमणुकीच्या गावी पायी निघालाय. माडगूळकर मास्तराला माळ बघायला लावत नाहीत, त्याला तो ओलांडायला लावतात. त्यामुळे वर्णन कधी थांबून होत नाही. जे येतं ते चालताना, कामाच्या ओघात येतं. शाळा उघडायची आहे आणि पोरं मेंढरांमागे गेलीत. एका बाजूला सरकारी हजेरीपट आणि दुसऱ्या बाजूला कळप, दोघांनाही तीच पोरं हवीत. माझ्या वाचनात राज्यव्यवस्था आणि माळ यांच्यातला झगडा इतक्या साध्या प्रसंगात मांडलेला दुसरा आलेला नाही. शेकूला बैल कमी पडतो तेव्हा त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीने जुवाखाली खांदा देते. हा प्रसंग चित्रपट बघितलेल्या सगळ्यांना आठवतो, पण कादंबरीत तो अजिबात चढवून सांगितलेला नाही. लेखक त्यावर टिप्पणी करत नाही. आजचा कुठलाही लेखक, मी धरून, तिथे एक वाक्य जास्त लिहील.

या पुस्तकातला माळ कुठेच ओसाड नाही. तिथे माणसं, जित्राबं, देव, भांडणं, पाणवठे सगळं आहे, फक्त अंतराअंतरावर. ओसाड तो शेवटी होतो, दुष्काळात, जेव्हा मेंढरं मरायला लागतात आणि माणसं उठून जातात. म्हणजे ओसाडपणा हा जमिनीचा गुण नाही, ती घडलेली घटना आहे. माणदेशातल्या लेखकाला हे ठाऊक होतं. गाडीतून माळ ओलांडणाऱ्याला ते दिसत नाही.

मात्र सिन्नरच्या पुढे तिसऱ्या दिवशी कादंबरी संपवताना एक गोष्ट खटकली, आणि ती आधी दोनदा वाचली तेव्हा खटकली नव्हती. धनगर वाडी सोडून जातात आणि आपण मास्तराबरोबर मागे राहतो. मग मास्तरही निघतो, आणि पुस्तक मिटतं. धनगर गेले कुठे? किती दिवस चालले, कुठे पाणी मिळालं, कुणाच्या शेतात मेंढरं बसवली, कुणी हाकललं, घोड्यावर काय लादलं होतं, तान्ही पोरं कोण उचलत होतं? कादंबरी जिथे थांबते तिथून त्यांची वाट सुरू होते, आणि ती लिहिण्याइतका मास्तर त्यांच्यातला झालेला नव्हता. माडगूळकर खोटं लिहीत नसत, म्हणून त्यांनी ती लिहिली नाही. पण सत्तर वर्षांत मागून येणाऱ्यांनी तरी लिहायची होती.

आपल्याकडेच असं झालंय असं नाही. जगभरच्या ट्रेकरांचा आद्यपुरुष जॉन म्यूर १८६९ मध्ये सिएरा नेवाडाच्या डोंगरात पहिल्यांदा दीर्घकाळ राहिला तो मेंढ्यांच्या कळपाबरोबर, पगारी कामावर. त्या उन्हाळ्यावर त्याने पुढे जे पुस्तक लिहिलं त्यात फुलं, कातळ आणि ढग यांच्यावर जीव ओवाळलाय, आणि ज्या मेंढ्यांच्या जिवावर तो तिथे पोचला त्यांना टोळधाडीची उपमा दिलीय. निसर्गाच्या वाटेवरून कळप हाकलून द्यायचा आणि मग तिला ट्रेल म्हणायचं, ही रीत तिथून चालत आलीय. याच्या उलट उदाहरण स्पेनचं. तिथे १९९५ च्या कायद्याने जनावरांच्या जुन्या वाटांना सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षण आहे. चालणारे आणि सायकलवाले त्या वाटा वापरू शकतात, पण पहिला हक्क कळपाचा. या हक्काची आठवण म्हणून दर शरदात मेंढ्यांचा कळप थेट माद्रिद शहरातून नेला जातो.

आपल्या मेंढवाटांना नाव नाही, सातबाऱ्यावर ओळ नाही. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग महामार्ग म्हणून रुंद झाला तेव्हा वारकऱ्यांना चालायला कडेने वेगळी जागा आखली गेली. चांगलं झालं. त्याच दिशेने शतकानुशतकं जाणाऱ्या मेंढरांचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही. गायरान हा केवढा सुंदर शब्द आहे, पण त्याचा वापर आता मुख्यतः अतिक्रमणाच्या बातम्यांत आणि सौर प्रकल्पांच्या जागावाटपात होतो. पॅनल बसवायला 'मोकळी' जमीन लागते आणि साहित्याने पन्नास वर्षं ती मोकळीच असल्याचं सांगितलेलं असतं. ओसाड हा शब्द लिहिणाऱ्या लेखकाने कुरण विकलं असं मी म्हणत नाही. पण विकताना लागणारं विशेषण त्याने तयार ठेवलं होतं.

आमच्या चालण्याची नोंद माझ्या फोनमध्ये आहे. जीपीएक्स फाइल उघडली की प्रत्येक काही सेकंदाला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. तीन दिवसांच्या हजारो ओळी. या फॉरमॅटमध्ये सावलीसाठी रकाना नाही. गवताचं नाव लिहायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या धनगराने वाळक्या काड्यांकडे बोट करून मारवेल कुठली, पवन्या कुठला आणि मेंढरांच्या लोकरीत घुसणारी कुसळी कुठली हे दाखवलं. मला सगळ्या काड्या पिवळ्या दिसत होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "वारीला लई लवकर निघाले, भाऊ?"

"वारीला नाही बाबा, नुसतं चालतोय."

"नुसतं?" ते थोडा वेळ माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघत राहिले. "नुसतं चालायला मेंढरं हायेत का संगं?"

तिसऱ्या दिवशी, खंबाळ्याकडे जाण्याच्या आधी, एका फाट्यावरून उलटं वळून समृद्धी महामार्ग बघायला गेलो. नागपूर-मुंबई, ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूंनी कुंपण. तो सिन्नर तालुका आडवा कापत जातो, त्यामुळे या बाजूची माणसं आणि जनावरं त्या बाजूला जातात ती भरावाखालच्या काँक्रीटच्या बोगद्यांमधून. दुपारचे बारा वाजले असतील. बोगद्याचं तोंड काळं दिसत होतं. आत शिरलो तर शे-दीडशे मेंढ्या माना खाली घालून, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या होत्या. एक बाई भिंतीला टेकून कोकराला बाटलीने दूध पाजत होत्या. घोड्यावर लादलेल्या पाटीत दोन कोंबड्या आणि एक झोपलेलं पोर. जमीन लेंड्यांनी मऊ झाली होती. तीन दिवसांत लागलेली ही पहिली भरघोस सावली. डोक्यावरून ट्रक गेला की भिंत किंचित हलल्यासारखी वाटायची, मेंढ्या हलत नव्हत्या.

"बसा," बाई म्हणाल्या, "ऊन उतरल्याबिगर काय जाता येत नाही."

आम्ही बसलो. मी फोन काढला, त्यात 'पालखी' उघडी होती. त्यांनी विचारलं काय वाचता, मी सांगितलं पंढरपूरला चालत जाण्याबद्दल आहे. त्यांनी कोकराचं तोंड पुसलं आणि विचारलं, पंढरपूरच्या पुढं कुठं जातात त्याच्यात?